रूट ६६ वरची जुनी गॅस स्टेशनं: कुठे थांबावं, आणि ही सगळी गेली कुठे?

भटका_शिकागोकर

मंडळी, थोडी माहिती हवीये. आमच्या शेजारच्या आजोबांकडे १९५७ ची शेव्ही (शेव्हरोले) बेल एअर गाडी आहे, फिरोजी आणि पांढरी, क्रोम इतकं चकाचक की त्यात बघून भांग पाडावा. ऑक्टोबरमध्ये ते जुन्या रूट ६६ ने, म्हणजे शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्याने, जोलिएटपासून खाली स्प्रिंगफील्डच्या पुढेपर्यंत जाणारेत आणि मला म्हणाले येतोस का. मी काय नाही म्हणणार! त्यांचा हट्ट एकच, नव्या हायवेला, इंटरस्टेट ५५ ला, चाकसुद्धा लावायचं नाही आणि वाटेत जी जुनी गॅस स्टेशनं, म्हणजे पेट्रोल पंप, उरलीयेत तिथे थांबत थांबत जायचं.

तर इलिनॉयमध्ये खरंच थांबण्यासारखी कुठली आहेत ते सांगा, नुसता बोर्ड टांगून टीशर्ट विकणारी नकोत. दुसरं म्हणजे ते डोक्यावर काचेचं नळकांडं असलेले पंप असतात ना, ते चालायचे कसे? शोभेला होतं का ते? आणि तिसरं, जे मला खरं कुतूहल आहे, ही लहान लहान स्टेशनं प्रत्येक गावात चार चार होती म्हणे, मग गेली कुठे सगळी? सगळे म्हणतात हायवे झाला आणि संपलं, पण हायवेपासून लांब असलेल्या गावांतलीही गेलीच की. लोक अजून त्या पंपांसाठी, पाट्यांसाठी वेडे होतात, लिलावात बोली लावतात, आणि खुद्द स्टेशन मात्र कुणी वाचवलं नाही, हे कोडं मला सुटत नाहीये.

पाना_हातोडी

अरे नशीबवान आहेस! सत्तावन्नची बेल एअर म्हणजे काय बोलायचं. पहिली गंमत सांगून ठेवतो, गॅस म्हणजे पेट्रोल भरायची वेळ आली की आजोबांना म्हण मी भरतो आणि मग शोध टाकीचं झाकण. सापडणार नाही. डाव्या बाजूच्या शेपटीच्या पंखाची मागची जी क्रोमची उभी पट्टी आहे ना, ती दारासारखी उघडते, त्याच्या मागे आहे. छप्पन्नच्या शेव्हीत डाव्या टेललाइटमागे. कॅडिलॅकवाल्यांनी तर ही टेललाइटची युक्ती त्याच्याही आधी केलेली. त्या काळी डिझायनरना टाकीचं तोंड दिसणं म्हणजे अब्रू गेल्यासारखं वाटायचं बहुतेक.

त्याच्या मागे गेलास तर उलटं. फोर्ड मॉडेल टी ची टाकी पुढच्या सीटखाली, म्हणजे गॅस भरायचा तर आधी सगळ्यांनी खाली उतरायचं, सीटची गादी उचलायची, लाकडी पट्टी टाकीत बुडवून बघायचं किती उरलंय, कारण काटा नव्हताच. गाडीत इंधन ओढणारा पंप पण नव्हता, इंधन आपल्या वजनाने खाली इंजिनात यायचं, त्यामुळे टाकीत कमी असलं आणि चढ आला की लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढवायचे. मॉडेल ए ला टाकी थेट काचेच्या पुढे, डॅशबोर्डच्या मागे, म्हणजे गॅस जवळजवळ मांडीवरच.

आता तुझं नळकांडं. शोभेचं अजिबात नाही! त्याच्या आधीचे पंप आंधळे होते, लोखंडी डब्यातून नळीत काय येतंय आणि किती येतंय ते गिऱ्हाइकाला दिसायचंच नाही, आणि पाणी मिसळणारे, माप मारणारे कमी नव्हते. म्हणून १९१० आणि २० च्या दशकात वर काचेचं नळकांडं आलं, आत गॅलनचे आकडे. माणूस बाजूचा लांब दांडा पुढेमागे हलवून जमिनीखालच्या टाकीतून गॅस वर चढवायचा, साधारण १० गॅलनपर्यंत, तुम्ही पाच म्हणालात की पाचच्या खुणेपर्यंत, आणि मग नळी गाडीत घालून सोडून द्यायचा, उतारावर आपोआप खाली. गिऱ्हाईक उभं राहून डोळ्यांनी बघणार, रंग पण बघणार. पुढे तिसाच्या दशकात पैसे आणि गॅलन दोन्ही आपोआप मोजणारे पंप आले आणि नळकांडं गेलं, पण अविश्वास राहिलाच, म्हणून नंतरच्या पंपांवर नळीजवळ एक छोटीशी काचेची डबी असायची आणि आत प्लास्टिकची भिरभिरी, गॅस वाहायला लागला की ती गरागरा फिरायची. जुना पंप दिसला की आधी ती शोध. बहुतेक पंपांवर आता ती फुटलेली तरी असते नाहीतर कुणीतरी काढून नेलेली.

थांबायला: ड्वाइटला अॅम्ब्लरचं टेक्साको (१९३३), तिथून थोडंसंच पुढे ओडेलचं स्टँडर्ड ऑइल (१९३२), नॉर्मलमध्ये स्प्रेग्ज सुपर सर्व्हिस (१९३१, वर राहायची जागा असलेलं दुमजली ट्यूडर घरच आहे ते), आणि स्प्रिंगफील्डच्या खाली माउंट ऑलिव्हला सोल्झबीचं शेल, ते १९२६ चं, म्हणजे रस्त्याला ६६ नंबर मिळाला त्याच वर्षीचं. एवढं नीट बघितलंस तरी खूप झालं. ड्वाइटचं बघताना हे लक्षात घे की ते पेट्रोल पंपासारखं दिसतच नाही, पांढऱ्या फळ्यांचं टुमदार घर आणि पुढे आलेलं छप्पर. ते मुद्दाम तसं. घरांच्या वस्तीत पंप नको म्हणून लोक भांडायचे, मग ऑइल कंपन्यांनी स्टेशनंच घरासारखी बांधायला सुरुवात केली. ओडेललाही तोच प्रकार.

जर्सीकाका

१९७४ साली मी या देशात आलो, त्यामुळे पन्नासचं दशक वगैरे मला विचारू नका, पण फुल सर्व्हिसचा शेवट मी बघितलाय. स्टेशनात शिरताना जमिनीवर आडवी काळी रबरी नळी असायची, तिच्यावरून पुढची चाकं गेली की टिंग, मागची गेली की परत टिंग, आणि आतून माणूस हात पुसत बाहेर. तुम्ही गाडीतच बसायचं. तो गॅस लावून द्यायचा, तेवढ्यात काच पुसायचा, हूड उघडून डिपस्टिक काढायची आणि ती फडक्यावर आडवी धरून खिडकीशी आणून तुम्हाला दाखवायची, बघा साहेब अर्धा क्वार्ट (साधारण अर्धा लिटर) कमी आहे, टाकू का? ते ऑइल विकण्यासाठीच होतं हे मला कळायचं, पण दाखवायचा बरं का, नुसतं सांगायचा नाही. टायरची हवा फुकट, नकाशा फुकट. कंपनीचे घडीचे नकाशे, एकदा उघडला की परत तशीच घडी घालणं मला कधी जमलं नाही.

तेलाच्या टंचाईच्या गोष्टी पण सांगतो. मी आलो तेव्हा ७३ च्या अरब तेलबंदीची आठवण ताजी होती, नंबरप्लेटचा शेवटचा आकडा सम की विषम त्याप्रमाणे दिवस वाटून दिलेले. आणि ७९ ला परत रांगा, तेव्हा तर एक अजब प्रकार झाला. जुन्या पंपांच्या आतली मोजणी गॅलनला ९९.९ सेंटच्या वर जायचीच नाही, कारण गॅस डॉलरच्या वर जाईल असं बनवणाऱ्याला स्वप्नातही आलं नव्हतं. आणि गेला! मग मालकांनी काय केलं, भाव अर्ध्या गॅलनचा लावला आणि पंपावर चिठ्ठी, दिसतील त्याच्या दुप्पट पैसे द्या. रोज कुणी ना कुणी भांडायचं.

नंबरप्लेटवरून आठवलं, सत्तरच्या दशकातल्या कितीतरी जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) गाड्यांचं टाकीचं तोंड मागच्या नंबरप्लेटच्या पाठीमागे असायचं. प्लेटला स्प्रिंग, ती खाली दाबून धरायची, सुटली तर फाडकन बोटांवर. पण सोय अशी की पंपाच्या कुठल्याही बाजूला गाडी लावा. आताच्या गाडीत डॅशबोर्डवरचा बाण बघत बसावं लागतं.

आमच्या न्यू जर्सीत मात्र अजून स्वतः गॅस भरायला कायद्याने मनाई आहे, १९४९ पासून. ओरेगॉन राज्य आमचं जोडीदार होतं तेही २०२३ मध्ये फुटलं. पण म्हणून इथे जुना काळ टिकलाय असं समजू नका. माणूस येतो, कार्ड घेतो, नळी लावतो, पुढच्या गाडीकडे. काच पुसायची झाली तर उतरून स्वतः पुसा.

अनघा_माती_पाणी

मी भूजल प्रदूषणाच्या कामात आहे, त्यामुळे भटका यांचा तिसरा प्रश्न म्हणजे माझा रोजचा पोटापाण्याचा विषय. उत्तर लांब आहे, सहन करा.

हायवेने मारलं हे अर्धंच खरं. १९५६ चा हायवे बांधणीचा कायदा झाला, इंटरस्टेट बांधले गेले, वर्दळ तिकडे वळली, आणि १९८५ मध्ये ६६ चा नंबर अधिकृतपणे काढून टाकला, सगळं बरोबर. पण तुम्ही म्हणता तशी हायवेशी संबंध नसलेल्या गावांतली स्टेशनं त्यानंतरही चालू होती. मुळात मालक गॅसवर जगतच नव्हता, गॅलनमागे त्याला चिंधीएवढं सुटायचं, तो जगायचा शेजारच्या गाळ्यातल्या रिपेअरवर, टायर, ब्रेक, ट्यूनअप. मग गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिरलं आणि ते काम हातचं जायला लागलं, दुसरीकडे चिप्स आणि कॉफी विकणाऱ्या मोठ्या दुकानांनी गॅस जवळजवळ खरेदीच्या भावात द्यायला सुरुवात केली. तरी तो तग धरून होता.

शेवटचा घाव जमिनीखालून आला. या सगळ्या स्टेशनांच्या पोटात साध्या लोखंडी पत्र्याच्या एकेरी टाक्या पुरलेल्या होत्या, गंजरोधक काही नाही, तीस चाळीस वर्षं ओल्या मातीत. त्या गळायला लागल्या. हळूहळू, म्हणजे दिवसाला थोडंथोडं, मालकाला पत्तासुद्धा नाही. गॅसमधलं बेंझिन पाण्यात उतरतं आणि भूजलाबरोबर शेजाऱ्याच्या विहिरीपर्यंत जातं. १९८४ मध्ये काँग्रेसने यावर कायदा केला, १९८८ मध्ये पर्यावरण खात्याने नियम आणले आणि जुन्या टाक्यांना मुदत दिली २२ डिसेंबर १९९८ ची. तोवर टाकी सुधारा, बदला किंवा बंद करा. शिवाय गळती ओळखायची यंत्रणा लावा, आणि उद्या गळालंच तर साफसफाईचा खर्च भरण्याची आर्थिक ऐपत आहे हे दाखवा, म्हणजे विमा नाहीतर राज्याचा फंड वगैरे. मोठ्या कंपनीला हे जमलं. साठी ओलांडलेला मालक, ज्याची मुलं शहरात निघून गेलीयेत आणि ज्याचा दिवसाचा खप हायवेवरचा पंप तासाभरात करतो, त्याने काय करायचं? त्याने पाटी उलटी केली. म्हणून बघा, नव्वदच्या दशकात बंद पडलेली स्टेशनं तुम्हाला गावोगाव भेटतील.

आणि बंद झाल्यावरही जागा सुटत नाही. टाकी काढायला खणलं की कळतं माती किती खोलपर्यंत खराब आहे, मग ती सगळी माती ट्रकने न्या, पाणी तपासत बसा. जागेच्या किमतीपेक्षा सफाई महाग. कोण घेणार ती जागा? म्हणूनच कोपऱ्यावरचे मोक्याचे प्लॉट वर्षानुवर्षं रिकामे दिसतात. तुम्ही विचारलंत ना की पाट्या वाचवल्या आणि स्टेशन का नाही, तर पाटी भिंतीवर टांगता येते, तिच्याबरोबर जबाबदारी येत नाही. जमिनीबरोबर येते.

प्रवासात एक करून बघा. गावातून जाताना कोपऱ्यावर पिझ्झाचं किंवा फुलांचं दुकान दिसेल ज्याच्यापुढे उगाचच मोठं छप्पर आहे, किंवा दुकान रस्त्याला तिरकं बांधलंय आणि दोन्ही रस्त्यांवरून आत यायला वाट आहे. तिथे उतरा. भिंतीच्या मागच्या कोपऱ्यात दोनतीन बारीक लोखंडी पाइप सरळ वर गेलेले असतील तर ते टाक्यांचे हवेचे पाइप. आणि डांबरात हाताच्या पंज्याएवढी गोल लोखंडी झाकणं दिसली तर ते आमचं काम, त्याखाली पाणी तपासायच्या विहिरी आहेत. मला कुठल्याही गावात गेल्यावर आधी तीच दिसतात, नवरा वैतागतो.

तिरका_प्रश्न

अनघाताई, लाजवाब. पण जरा विरजण घालतो, माफ करा. जर्सीकाकांनी सांगितलेला तो हसतमुख माणूस सगळ्यांच्याच खिडकीशी यायचा का? पन्नासच्या दशकात काळ्या कुटुंबाने गाडी स्टेशनात घेतली तर बऱ्याच ठिकाणी पैसे घेऊन गॅस देतील पण बाथरूमला कुलूप, आणि काही ठिकाणी गॅसही नाही. म्हणून लोक डिकीत जादा गॅसचा कॅन आणि घरून बांधलेलं खाणं घेऊन निघायचे. हार्लेमचे टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून ग्रीन बुक नावाची पुस्तिका काढली ती याचसाठी, कुठे थांबणं सुरक्षित आहे त्याची यादी, आणि ती एस्सो या तेल कंपनीच्या स्टेशनांवर मिळायची हे विशेष. ओक्लाहोमात ल्यूथरला ६६ वरच थ्रेट कुटुंबाचं, म्हणजे काळ्या मालकांचं, स्टेशन आहे, ते अजून उभं आहे. फोटोत येतो तो चकचकीत जमाना आणि हा जमाना एकच.

आणि त्या गॅसमध्ये शिसं होतं. १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या थॉमस मिजली यांनी शोधलं की टेट्राइथाइल लेड हे शिशाचं रसायन घातलं की इंजिन ठोकत नाही, म्हणजे आत गॅस अवेळी पेटून खटखट होत नाही, १९२३ पासून विकायला लागले, आणि नावात शिसं येऊ नये म्हणून नुसतं ‘एथिल’. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी पूर्ण बंदी यायला १९९६ उजाडलं. पंपांच्या डोक्यावरचे, एथिलचं नाव लिहिलेले ते सुंदर काचेचे गोळे लोक दिवाणखान्यात लावतात. लावा, पण काय लावलंय ते माहीत असू दे.

जर्सीकाका

तिरका, विरजण नाही, बरोबर बोललात. ७४ मध्येसुद्धा दक्षिणेत एका ठिकाणी मला बघून बाथरूमची चावी सापडेनाशी झाली होती, आणि माझ्यामागून आलेल्या गोऱ्या बाईंना लगेच सापडली. तरी ती टिंग मला आवडायची. दोन्ही खरं आहे, काय करणार.

भटका_शिकागोकर

अरे बापरे, मी काय विचारलं आणि काय काय निघालं. अनघाताई, ती झाकणं आता मी शोधणार म्हणजे शोधणार, आजोबा मला वाटेत सोडून जाणार बहुतेक. तिरका, थ्रेट स्टेशनचं माहीत नव्हतं, ओक्लाहोमापर्यंत या वेळी जात नाही पण नोंद केलीये.

पाना_हातोडी, आता शिशाचं निघालंच आहे तर विचारतो, मग आजोबांची गाडी आजच्या गॅसवर चालते कशी? काही बरोबर ठेवायला हवं का? ते स्वतः काही सांगत नाहीत, नुसतं म्हणतात चालते की.

पाना_हातोडी

चालते. इंजिन मूळचं २८३ घनइंचांचं आणि साध्या दोन तोंडांच्या कार्बोरेटरचं असेल तर कॉम्प्रेशन ८.५ च्या आसपास, त्याला ८७ ऑक्टेनचा साधा गॅस पुरतो, उगाच महागातलं घालू नका. शिशाचा दुसरा उपयोग म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या सीटवर त्याचा थर बसायचा आणि घासण्यापासून वाचवायचा. इंजिन कधी उघडून केलं असेल तर कडक धातूच्या सीट बसवल्या असतील, मग काळजी नाही. नसतील तरी रमतगमत चालवल्यावर फार झीज होत नाही, सतत जोरात पळवलं तर होते.

खरा त्रास इथेनॉलचा, म्हणजे गॅसमध्ये मिसळलेल्या अल्कोहोलचा. आजच्या गॅसमध्ये १० टक्के असतं, ते जुन्या रबरी नळ्या आणि कॉर्कची गॅस्केटं खातं, आणि गाडी महिनोनमहिने उभी राहिली तर पाणी ओढून घेतं. आजोबांना विचार नळ्या बदलल्यात का. नसतील तर निघायच्या आधी बदलायला लाव, हे एक मात्र हट्टाने कर, गरम इंजिनावर गॅस ठिबकला तर आग लागते.

आणि ऑक्टोबर म्हणतोयस तर आणखी एक. १५ सप्टेंबरनंतर उन्हाळी गॅसचा नियम संपतो, मग पंपावर थंडीचा गॅस येतो, तो लवकर वाफ होतो. त्यात ऑक्टोबरात एखादा दिवस कडक तापला की इंजिनाच्या उष्णतेने नळीतच गॅसची वाफ होते, गाडीतला इंधनाचा पंप वाफ ओढत बसतो आणि गाडी मध्येच गप्प. घाबरायचं नाही, हूड उघडून अर्धा तास बसायचं. जुने लोक इंधनाच्या नळीवर लाकडी कपड्याचे चिमटे लावायचे, तेही बरोबर घे.

वायपर व्हॅक्यूमचे, म्हणजे विजेऐवजी इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालणारे, असतील तर पावसात चढावर अॅक्सिलरेटर दाबलास की वायपर मंदावणार, कधी कधी थांबतीलच, तो बिघाड नाही, तशीच गाडी आहे. आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, तेव्हा पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायला सांग.

अनघा_माती_पाणी

चिमट्यांनी खरंच काही होतं का हो? लाकूड उष्णता ओढून घेणार तरी किती?

पाना_हातोडी

होतं. माझे सासरे लावायचे आणि त्यांची गाडी कधी बंद पडली नाही.

तिरका_प्रश्न

चिमटे लावेपर्यंत अर्धा तास जातो, तोवर इंजिन थंड होतं, म्हणून चालू होते.